कळवणच्या गाडीचा रेडिओ

गाडीतला रेडिओ बिघडला असं लोक म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा रेडिओ चांगलाच असतो. तो फक्त गाडीची चुगली करत असतो. कुठे ठिणगी नीट पडत नाही, कुठे तार सैल आहे, कुठे गंज धरलाय, ते सगळं तो बोलून दाखवतो. गिऱ्हाईक मात्र रेडिओवर चिडतं. "हा डबा काढा आणि दुसरा बसवा," म्हणतं. आम्ही लगेच डबा काढायचो नाही. आधी ऐकायचो.

आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे. पंचवटीत, पेठ नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. पत्र्याची टपरी आणि पुढे एक गाडी उभी राहील एवढी जागा. डायनॅमो, सेल्फ, दिवे, हॉर्न अशी सगळी कामं यायची, पण यांचा जीव रेडिओत. त्यातही जुन्या विलायती गाड्यांच्या, काचेचे वॉल्व्ह असलेल्या रेडिओत. ते काम हे लहानपणी मामाकडे शिकले होते. नव्वद सालानंतर सगळीकडे कॅसेटवाले टेप आले, तेव्हा असे रेडिओ उघडून बघणारे नाशकात फारसे उरले नव्हते. म्हणून लांबलांबची गिऱ्हाइकं विचारत विचारत आमच्याकडे यायची.

ऐकायचं म्हणजे काय, ते सांगते. आधी इंजिन बंद ठेवून रेडिओ लावायचा. स्वच्छ वाजला, तर रेडिओत दोष नाही. मग इंजिन चालू करायचं. तडतड सुरू झाली, आणि रेस दिल्यावर तडतडही वाढली, तर ती प्लगची. तिला मी 'मोहरी' म्हणायचे. बारीक शिट्टी, रेसबरोबर वर चढत जाणारी, ती डायनॅमोची. तो 'डास'. गाडी उभी असताना सगळं शांत, आणि खड्ड्यात चाक गेलं की खर्र्, म्हणजे कुठेतरी तार सैल. तो 'झाडू'. ही नावं कुठल्या पुस्तकातली नाहीत. माझं शिक्षण चौथीपर्यंत. यांनी विचारायचं, "कसा आवाज येतोय?" आणि मी मला सुचेल ते सांगायचं. तीच नावं दुकानात रुजली.

यांना विचारावं लागायचं, कारण यांना ऐकू येत नव्हतं.

दुकान टाकण्याआधी हे बरीच वर्षं अंबडला एका कारखान्यात प्रेसवर होते. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटायचं. घरी आले की कानात शिट्टी वाजते म्हणायचे. दुकान टाकलं तेव्हा समोरचं माणूस मोठ्याने बोललं तर कळायचं. एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तर हे एका गाडीत वाकून रेडिओ लावत होते. मी सहज म्हटलं, "अहो, किती खरखरतोय हा!" ते वाचलं यांनी माझ्या तोंडावरून. रेडिओकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "खरखरतोय? मला वाटलं नीट झाला." मग जेवले. जेवून झाल्यावर म्हणाले, "उद्यापासून डबा लवकर आण. आणि थांब इथेच."

तेव्हापासून मी थांबले.

कामाची आमची पद्धत अशी बसली. मी गाडीत पुढच्या सीटवर रेडिओजवळ. हे बॉनेटखाली, डावा पंजा मडगार्डवर टेकवलेला. मी बोटाच्या पेराने डॅशबोर्डवर ठोकायचं. ते ठोकणं पत्र्यातून यांच्या पंजाला कळायचं. एक ठोका म्हणजे आवाज आहे तसाच. भरभर ठोके म्हणजे वाढला. हात फिरवून घासलं म्हणजे गेला. हे एकेक तार हलवत जायचे आणि मी ठोकत जायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, मिस्त्रीची बायको गाडीत बसून गाण्यावर ताल धरते आहे.

हे कुणाला कळू द्यायचं नाही, असं आम्ही कधी ठरवलं नाही, पण कळू दिलं नाही खरं. गिऱ्हाईक आलं की "चहा घेऊन या तोवर" म्हणून त्याला समोरच्या हॉटेलात धाडायचं. कुणी समोरासमोर बोललं तर हे ओठ वाचायचे. मागून बोललं तर मी उत्तर द्यायची, तेही दोन शब्दांत. अनोळखी माणसापुढे माझा आवाज फुटत नसे. "हो", "नाही", "येतील", एवढ्यावर माझा संसार चालायचा.

लपवायचं कारण सोपं होतं. बहिरा मिस्त्री बॅटरीत पाणी घालेल, दिवा बदलेल, हे लोकांना चाललं असतं. बहिऱ्याकडे रेडिओ कोण देईल? आणि रेडिओचं काम बंद झालं असतं तर हे दुकानात बसलेच नसते. एकदा बोलता बोलता म्हणाले होते, "रेडिओ नसेल तर विकू टपरी. अंबडला कुठेतरी वॉचमन होतो." मी म्हटलं, "बहिऱ्याला वॉचमन कोण ठेवेल?" त्यावर हसले खरे, पण जेवताना ताट तसंच ठेवून उठले.

गमतीही खूप व्हायच्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे रांग लागायची. सगळ्यांची एकच तक्रार, रेडिओ मुका झाला. दसऱ्याला गाडीची पूजा करायची, झेंडूचा हार घालायचा. हार टिकला पाहिजे म्हणून लोक तो तारेने बांधायचे, आणि बांधायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे रेडिओची एरियल. ती तार खाली पत्र्याला टेकायची. एरियल हवेतलं सगळं गोळा करते आणि रेडिओला देते. ती पत्र्याला टेकली की गोळा केलेलं सगळं पत्र्यात जातं. आम्ही हार सोडवायचो, रेडिओ वाजायचा. रामकुंडाजवळचे एक गुरुजी दरवर्षी यायचे. मी हार सोडायला लागले की म्हणायचे, "वहिनी, देवाचा हार आहे. दुसरीकडे कुठे बांधता आला तर बघा." मी तो आरशाला बांधून द्यायची. पुढच्या वर्षी पुन्हा एरियललाच.

पण मला सांगायचंय ते कळवणच्या गाडीचं.

कळवणचे एक मोठे बागायतदार होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. वय सत्तरीच्या पुढे, पांढरी टोपी, आवाज असा की शेतात उभं राहून बांधावरच्या माणसाला बोलवावं. त्यांच्या वडिलांनी कुणा साहेबाकडून घेतलेली काळी विलायती गाडी त्यांनी जपली होती. नातीच्या लग्नात वरात या गाडीतून काढायची म्हणून त्यांनी तिला नवा काळा रंग मारून घेतला होता, नवी बॅटरी बसवून घेतली होती. गाडी दुकानापुढे उभी राहिली तेव्हा तिच्यात रस्त्यावरच्या सायकली दिसत होत्या. सगळं झालं होतं, पण रेडिओ बंद होता. "वडील होते तवा हा रेडिओ लागल्याबिगर गाडी फाटकाच्या भायेर जायची नाय," अण्णा म्हणाले. "मुकी गाडी घेऊन मी वरातीत बसनार नाय."

मी नेहमीप्रमाणे हळूच म्हटलं, "चहा घेऊन येता का तोवर?"

"चहा हितं मागवा. गाडी सोडून मी कुठं जात नाय." असं म्हणून ते मागच्या सीटवर काठी टेकून बसले. त्यांचा ड्रायव्हर नामदेव गाडीला टेकून उभा राहिला. मी माझ्या नेहमीच्या जागी, पुढच्या सीटवर रेडिओजवळ बसले.

यांनी किल्ली फिरवली, दिवे लावले आणि डॅशबोर्डवरच्या काट्याकडे बघितलं. बॅटरीतून वीज जाते आहे की बॅटरीत येते आहे, ते तो काटा दाखवतो. दिवे लावले की तो 'जाते' या बाजूला झुकायला पाहिजे. तो उलटा झुकला. यांनी लगेच बॉनेट उघडलं आणि वाकले.

आता इथे थोडं समजावून सांगायला हवं. हल्लीच्या गाड्यांत बॅटरीची वजा बाजू गाडीच्या पत्र्याला जोडतात. सगळ्यांच्या हाताला तीच सवय. पण बऱ्याच जुन्या विलायती गाड्यांत उलटं असतं, अधिक बाजू पत्र्याला. नवी बॅटरी बसवणाऱ्याने सवयीने जोडली असणार. गाडी चालू होते, दिवे लागतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण वॉल्व्हच्या रेडिओला उलटी वीज चालत नाही.

अण्णांनी मागून विचारलं, "काय मिस्तरी, कुठं दुखतंय तिला?"

हे बॉनेटखाली. बॅटरीच्या तारा बघत.

"मिस्तरी! तुमाला इचारतोय!"

मी म्हटलं, "बॅटरी बघताहेत."

"तुमाला नाय इचारलं, वहिनी. त्यांना इचारलं. माणसाला उत्तर द्यायची रीत हाय का नाय?" अण्णा उतरले. काठीने रस्त्यावर ठोकत यांच्या मागे जाऊन उभे राहिले. "ओ मिस्तरी!" हे तसेच वाकलेले. अण्णांनी काठी मागच्या पत्र्याच्या पिंपावर हाणली. रस्त्यावरचे दोघेतिघे वळून बघायला लागले. हे वळले नाहीत.

अण्णा माझ्याकडे वळले. "बहिरा हाय?"

मी मान खाली घातली.

"नामदेव, आरं हे बघ! बहिरा मानूस रेडिओ नीट करतोय. उद्या चष्म्याचा नंबर काढायला आंधळ्याकडं जाऊ आपन!" नामदेव हसला. बघणारेही हसले. "चल, काढ गाडी. लय लांबून आलो बाबा, गंमत बघायला."

हे तेवढ्यात सरळ झाले. सगळ्यांची तोंडं बघितली. काय झालं ते यांना कुणी सांगायची गरज नव्हती. खिशातलं फडकं काढून यांनी हात पुसायला सुरुवात केली. एकेक बोट वेगळं, सावकाश. काम संपल्यावर पुसतात तसं नाही. आता पुन्हा हात लावायचा नसेल तर पुसतात तसं.

नामदेव दार उघडून आत बसायला निघाला होता. पण स्टिअरिंगशेजारच्या सीटवर मी होते. मी उतरले नाही.

"वहिनी, उतरा," तो म्हणाला.

"ऐकायचं काम माझ्याकडे आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "हे दुरुस्त करतात. ऐकते मी. पहिल्यापासून असंच चालतं आमचं."

अण्णा खिडकीशी आले. "तुमी ऐकता?"

"हो."

"मंग सांगा, काय झालंय माझ्या रेडिओला?"

"आत्ता काय सांगू? तो मुका आहे. बॅटरी उलटी बसलीय त्याची. हे आधी त्याला बोलता करतील. तो बोलला की मग मी सांगते."

अण्णांनी काठी खाली टेकवली. मग नामदेवला म्हणाले, "बाई उतरत नाय रे." आणि पुन्हा मागच्या सीटवर जाऊन बसले. "बरं. बोलता करा."

मी यांना खूण केली. यांनी फडकं खिशात घातलं.

बॅटरी फिरवली. डायनॅमोला जुन्या बाजूची आठवण द्यावी लागते, म्हणून बॅटरीच्या तारेचा एक झटका त्याला दिला. रेडिओ बाहेर काढून बाकावर उघडला. फ्यूज उडालेला, आणि वीज साठवणारा एक कंडेन्सर पापडासारखा फुगलेला. हे जुन्या रेडिओंचे सुटे भाग डब्यात जपून ठेवत, त्यातला पारखून एक लावला. अण्णा बाकाशी येऊन उभे राहिले. रेडिओ पुन्हा बसवला, कळ फिरवली. वॉल्व्ह तापायला वेळ लागतो. आत एक लहान पत्र्याची डबी असते, ती आधी गुणगुणायला लागते. यांनी रेडिओच्या पाठीला बोट लावलं आणि मान हलवली. ती गुणगुण यांना बोटातून कळायची. मग लांबून येतो तसा आवाज आला. कुणीतरी द्राक्षांवरच्या फवारणीबद्दल बोलत होतं.

"आला!" नामदेव ओरडला.

"इंजिन चालू करा," मी म्हटलं.

इंजिन चालू झालं आणि फवारणीवाला बुडाला. मोहरी तडतडत होती आणि वर डास. अण्णांनी कानावर हात ठेवले. यांचा पंजा मडगार्डवर होता. मी ठोकायला लागले. डायनॅमोला एक कंडेन्सर लावला, डास गेला. मी डॅशबोर्डवर हात घासला. कॉइलच्या मधल्या तारेत यांनी एक छोटा दाबजोड बसवला, ठिणगीचा आवाज दाबणारा. मोहरी कमी झाली. पण गेली नाही. मी एकच ठोका दिला. यांनी प्लग बघितले, कॉइल बघितली, एकेक तार दाबून बघितली. माझा प्रत्येक वेळी एकच ठोका. अण्णा आता काठीवर हनुवटी टेकवून माझ्या बोटाकडे बघत होते.

मग मला वाटलं, ही मोहरी इंजिनाच्या तारांतून येत नाही. एरियलवाटे आत येते आहे. एरियल उजवीकडे, बॉनेटशेजारी होती. मी उतरले, एरियल बुडाशी धरून हलवली. तडतड बदलली. यांना बोट दाखवलं. यांनी तिथला रंग निरखला आणि एक शब्द बोलले, "रंग."

एरियलच्या बुडाचं लोखंड गाडीच्या पत्र्याला घट्ट टेकलेलं लागतं. नवा रंग देताना रंगाऱ्याने ती काढली आणि रंग वाळल्यावर पुन्हा वरून बसवली होती. मध्ये रंगाचा थर. दिसायला सुंदर, पण विजेला भिंत. आता तिथला रंग खरवडायला हवा होता.

यांनी पॉलिश कागद हातात घेतला तशी अण्णांची काठी आडवी आली.

"रंगाला हात लावायचा नाय. मालेगावचा मानूस बोलवून मारलाय तो. लग्न तोंडावर आलंय."

हे माझ्याकडे बघायला लागले. एवढ्या कामात यांचा दोष कुठे नव्हता, पण गाडी अशीच गेली असती तर रस्त्यावरच्या सगळ्यांनी एवढंच सांगितलं असतं, की बहिऱ्याच्याने झालं नाही.

मी एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. "अण्णा, या इकडे. कान द्या." स्क्रूड्रायव्हरचं एक टोक एरियलच्या बुडाला लावलं, दुसरं टोक जवळच्या उघड्या बोल्टला टेकवलं. मोहरी थांबली. फवारणीवाला शेजारी बसून बोलावा तसा बोलू लागला. मी टोक उचललं, मोहरी. टेकवलं, शांत.

"द्या हिकडं," अण्णा म्हणाले. त्यांनी स्वतः टेकवून बघितलं. उचलून बघितलं. लहान मुलासारखं कितीदा तरी करून बघितलं.

"किती खरवडावं लागंल?"

"रुपयाएवढं. वर एरियल बसली की दिसणार नाही."

"खरवड पोरी," ते म्हणाले. वहिनीची पोर झाले मी.

हे वाकून खरवडत होते तेव्हा अण्णांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काम संपेपर्यंत काढला नाही. एरियल बसली, बॉनेट लागलं, मी पुन्हा माझ्या सीटवर बसले. इंजिन चालू, रेस दिली, हॉर्न वाजवला, वायपर लावला. रेडिओ निर्मळ. फवारणी संपून भजन लागलं होतं. यांनी दारावर पंजा ठेवला आणि मला विचारलं, "स्वच्छ?"

मी डॅशबोर्डवर हात घासला नाही. तोंडाने म्हटलं, "स्वच्छ." सगळ्यांच्या देखत.

गाडी गेली. जाताना अण्णा आभार वगैरे काही बोलले नाहीत, ती त्या पिढीची रीत नव्हती. मी मात्र रात्रीपर्यंत घाबरलेलीच होते. कळवण, सटाणा, देवळा, सगळीकडे आता बोभाटा होणार होता की नाशिकचा रेडिओवाला बहिरा आहे. यांना मी तसं बोलले नाही. बाजारात, दुकानात यांच्याबद्दल कुणी काही बोललं की ते मी यांच्यापर्यंत पोचू देत नसे. कुणी "ठार बहिरा" म्हटलं तर मी सांगायची, "तुमची चौकशी करत होते." आमच्यातले बरेच शब्द माझ्याच पदरात अडकून राहिले होते.

बातमी पसरली हे खरं. लग्नसराई संपली, आणि एका सकाळी सटाण्याकडची एक जुनी उघडी मोटार दुकानापुढे थांबली. आतून एक धोतरवाला गृहस्थ उतरला. टपरीवरची पाटी त्याने वाचली नाही. मोठ्याने मला विचारलं, "बहिरा मिस्तरीनं दुकान हाईच शे का?"

शेजारचा पंक्चरवाला हसला. माझे कान तापले. हे बाकावर बसले होते, त्यांनी माझा चेहरा बघितला.

"काय म्हणतोय?" यांनी विचारलं.

मी नेहमीसारखं काहीतरी गोड सांगणार होते. तोंडाशी आलंही होतं. मग वाटलं, त्या दिवशी गाडीतून न उतरता जे बोलले, त्याला काय अर्थ राहिला? मी यांच्यासमोर उभी राहिले, ओठ नीट दिसतील अशी, आणि शब्द न बदलता सांगितलं, "बहिऱ्या मिस्त्रीचं दुकान हेच का, विचारतोय."

यांनी माझ्या ओठांवरून ते वाचलं. मग उठले. स्क्रूड्रायव्हर घेतला.

"मग गप्प का उभी? हो म्हण की," यांनी मला सांगितलं, आणि त्या माणसाला स्वतःच म्हणाले, "कळवणच्या अण्णांनी पाठवलं ना? घ्या गाडी पुढे. ही ऐकते आधी."